हिवसेभाऊंच्या सकाळच्या फेऱ्या

मनोहर हिवसे हे नाव सगळ्यात आधी लिहिते. माझ्या हातात आज जे काम आहे ते त्यांनी दिलं. ते काम करायची हिंमत त्यांनी दिली. आणि त्यांच्या पायाला काहीतरी होतंय हे दिसत असूनही मी गप्प बसले, तरी त्यांनी मला दूर लोटलं नाही. एवढं लिहून झालं की काय झालं ते सांगायला मी मोकळी.

आमचं गाव पाटणच्या वर, डोंगरात. सातवीत शाळा सुटली. नवऱ्याला नागपूरलगतच्या वाडी भागात ट्रान्सपोर्टच्या गोदामात मुकादमाचं काम लागलं, तेव्हा मी पहिल्यांदा नागपूर पाहिलं. इथल्या लोकांना आमच्याकडचा सगळा मुलूख म्हणजे पुणं. घरमालकिणीपासून भाजीवालीपर्यंत सगळ्या मला ‘पुण्याची बाई’ म्हणायच्या, आणि मी पुणं पाहिलेलं ते स्टँडपुरतं, गाडी बदलताना. मुलगी शाळेत जायला लागली तशी मी काम शोधलं. वाडीपासून शेअर ऑटोनं जाण्याच्या अंतरावर चालण्याच्या उपचारांचं एक केंद्र होतं. लकवा झालेले, अपघातात पाय मोडलेले, गुडघे बदललेले लोक तिथं येत. मला फरशी पुसण्याचं आणि पेशंटना धरून उठवण्या-बसवण्याचं काम मिळालं.

केंद्राच्या तळमजल्यावर एक लांब खोली आहे. तिथं खाली दहा मीटरची पट्टी आखलेली, वर भिंतीला चहूकडून कॅमेरे लावलेले, आणि फरशीत पायाचा दाब ओळखणाऱ्या दोन पाट्या. माणसाच्या सांध्यांवर चमकणारे बोराएवढे गोळे चिकटवतात, मांडीला आणि पोटरीला काडेपेटीएवढे सेन्सर बांधतात, आणि मग त्याला चालायला सांगतात. इकडे तो चालतो, तिकडे स्क्रीनवर काड्यांचा माणूस चालतो. गुडघा किती वाकला, पाऊल किती उचललं, वजन कुठल्या पायावर जास्त पडलं, सगळं रेघांनी उमटतं. ते पाहून डॉक्टर मॅडम उपचार ठरवतात. ही खोली हिवसेभाऊंची होती. म्हणजे कागदोपत्री ते टेक्निशियन. पण केंद्र सुरू झालं त्या दिवसापासून तेच ती खोली उघडत आणि तेच बंद करत.

उंच, काटकुळे, पन्नाशी ओलांडलेले, डोक्याला तेल चोपडून भांग पाडलेला. नंदनवनहून सगळं शहर ओलांडून स्कूटरवर यायचे आणि तरी सगळ्यांच्या आधी. मी पहिल्या दिवशी त्यांना सर म्हटलं. ते म्हणाले, सर गिर काही म्हणू नको, इथं सगळे भाऊच म्हणतात.

मला त्यांनी त्या खोलीत ओढलं ते एका अडचणीमुळे. गोळे चिकटवायचे म्हणजे कंबर, मांडी, गुडघा, घोटा चाचपून नेमकं हाड शोधावं लागतं. खेड्यांतून आलेल्या बायका परक्या पुरुषाला कमरेला हात लावू देईनात. लुगडं घट्ट धरून बसून राहायच्या. डॉक्टर मॅडम दर वेळी वरून खाली येऊ शकत नव्हत्या. एक दिवस भाऊंनी मला पोछा बाजूला ठेवायला सांगितलं आणि हे काम शिकशील का म्हणून विचारलं. मी म्हटलं, मी सातवी शिकलेय, मला हाडांची इंग्रजी नावं कशी यायची. ते म्हणाले, हाडाले त्याचं नाव माहीत नसते, तुले काहून पायजे?

मग त्यांनी मला शिकवलं, स्वतःच्या पद्धतीनं. नवऱ्याशी भांडाले कमरेवर हात ठेवून उभी राहते नं, तवा पुढची बोटं ज्या हाडावर टेकतात तिथं पहिला गोळा. पैंजण जिथं अडून बसते त्या टेकाडावर एक. गुडघा वाकवून सरळ केला की बाहेरच्या बाजूला जी खाच सापडते तिच्या जरा वर एक. असं करत करत सगळे. माझ्या स्वतःच्या अंगावर मी हाडं शोधायला शिकले. घरी मुलीला उभी करून तिच्या अंगावर टिकल्या लावून सराव केला. गोळा बोटभर सरकला तर स्क्रीनवरचा गुडघा खोटं बोलतो, असं ते सांगायचे, आणि मी चुकले की ओरडायचे नाहीत. फक्त तो गोळा काढून माझ्या तळहातावर ठेवायचे. पुन्हा शोध.

त्यांची एक खोड होती. बाहेर टपरीवर तर्री-पोहे खाताना रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या चाली वाचायचे. हा पहा, याचा उजवा खुबा दुखून राहिला. ही बाई रोज डोक्यावर वजन नेते. तो आताच बायकोशी भांडून आला, टाच पहा कशी आपटते. आम्ही हसायचो, आणि एखादे वेळी टपरीवाला ओळखीच्या माणसाला विचारून खात्री करायचा, तर ते खरंच निघायचं. एकदा मी माझ्याबद्दल विचारलं. ते आधी टाळत होते. मग म्हणाले, "तू जमिनीले विचारून विचारून पाय ठेवते. ठेवू का, ठेवू का. जमीन नाही म्हणत नाही वं."

मी त्यावर हसले खरी. घरी जाताना मात्र शेअर ऑटो सोडून वाडीपर्यंत चालत गेले, पाय सरळ टाकायचा प्रयत्न करत.

खोलीच्या पलीकडे चालवणारा रोबोट होता. वरून पट्ट्यांनी माणसाला अर्धवट टांगायचं, पायांना दोन्ही बाजूंनी यंत्राचे पाय बांधायचे, आणि खालचा पट्टा सुरू केला की यंत्र त्याला चालवतं. ज्याचा पाय हलतच नाही त्यालाही पाऊल टाकल्यासारखं होतं, आणि तसं करता करता कधी पायाला आठवण येते. भाऊ त्या यंत्राला ‘जावईबापू’ म्हणायचे. महाग किती, नखरे किती. एसी कमी झाला की रुसते, लाइट गेली की रुसते, आणि चालू झालं की आपण सगळ्यांनी उभं राहायचं. रोज संध्याकाळी त्याच्यावर धुतलेली चादर घालायचे, कडा नीट दुमडून.

रामटेकजवळून चंद्राबाई यायच्या. साठीच्या, धानाची शेती, लकव्यानं डावी बाजू गेलेली. त्या जावईबापूला पाहूनच मागं फिरल्या. मी काही बैल नोहो असं जुंपून घ्याले, म्हणाल्या. मुलानं समजावलं, मॅडमनी समजावलं. काही उपयोग नाही. तेव्हा भाऊंनी चपला काढल्या आणि स्वतःला त्यात बांधून घेतलं. यंत्र आधीच्या बुटक्या पेशंटच्या मापावर लावलेलं होतं आणि ते त्यांनी मुद्दाम तसंच ठेवलं. एवढा उंच माणूस गुडघे मुडपून बगळ्यासारखा चालायला लागला. चंद्राबाईंना हसू आवरेना. आम्ही सगळे भाऊंकडे पाहत होतो आणि भाऊ चंद्राबाईंकडे. खाली उतरल्यावर त्यांनी मॅडमना सांगितलं की हसताना बाईंच्या तोंडाची गेलेली बाजूही जराशी हलली. ते आमच्यापैकी कोणीच पाहिलं नव्हतं. त्या दिवशी चंद्राबाई बांधून घ्यायला तयार झाल्या, एका अटीवर, की पोरानं बाहेर बसावं.

घाई करणाऱ्या पेशंटना भाऊ एकच सांगायचे, पाय तुमचाच आहे, पळून नाही जात.

आता त्यांच्या सकाळच्या फेऱ्यांबद्दल. सगळं पुढचं त्यातूनच झालं.

पहिला पेशंट येण्याआधी यंत्रणा बरोबर चालते का हे रोज तपासावं लागतं. त्यासाठी एका निरोगी माणसानं गोळे आणि सेन्सर लावून त्या पट्टीवरून सहा फेऱ्या मारायच्या. आजच्या रेघा आधीच्या ठरलेल्या रेघांवर बसल्या की यंत्र ठीक, केसभर फरक चालतो. हा चालणारा माणूस आठ वर्षं एकच होता. भाऊ पॅंटच्या आत कायम अर्धी चड्डी घालून यायचे. पॅंट काढून खुंटीला लावायची, गोळे लावून घ्यायचे आणि चालायचं. मी शिकल्यावर त्यांना गोळे लावायचं, पट्टे बांधायचं काम माझ्याकडे आलं. रोज सकाळी चड्डीवर, अंगभर चमकते गोळे लावलेले भाऊ म्हणायचे, लावून टाक वं दिवाळीची माळ. आणि चालायचे. त्यांच्या चालीत काही विशेष नव्हतं. हेच तिचं विशेष होतं. काल जशी तशी आज. आठ वर्षांत यंत्रं बदलली, कॅमेरे बदलले, त्यांच्या रेघा एकमेकींवर बसत राहिल्या.

पावसाळ्यात एका सकाळी रेघ बसली नाही. डाव्या पावलाची. पाऊल पुढं टाकताना जितकं वर उचललं जातं, त्याहून थोडं कमी दिसत होतं. भाऊंनी सेन्सर काढून पुसला, पुन्हा बांधला. तेच. सेन्सर बदलला. तेच. पट्टा सैल झाला असेल म्हणून नवे पट्टे मागवले. कॅमेऱ्याची जागा हलली का पाहिलं. कंपनीच्या इंजिनिअरला बोलावलं, त्यानं दोन दिवस सगळं उसकटून पुन्हा बसवलं. रोज त्याच खोलीत चार-पाच शिकलेली माणसं उभी राहून सेन्सरच्या नावानं बोटं मोडायची. ज्या मापानं सगळं मोजायचं ते मापच बदललं असेल, हे कोणाच्या डोक्यात येईना. भाऊंच्याही नाही. शेवटी त्यांच्याच सांगण्यावरून इंजिनिअरनं यंत्रात एक दुरुस्ती भरून दिली, म्हणजे डाव्या पावलाच्या आकड्यात ठरावीक भर आपोआप पडेल. दुसऱ्या दिवशी रेघ बरोबर बसली. मॅडमनी सगळ्यांना चहा पाजला.

आता माझं सांगते. नवे पट्टे आले त्या आठवड्यात, पोळ्याच्या सुमारास, मला दोन गोष्टी दिसल्या होत्या. पोटरीचा पट्टा बांधताना उजव्या पायाला तो जिथं चिकटायचा, त्याहून डाव्या पायाला एक बोट पुढं ओढावा लागत होता. आणि त्यांच्या फेऱ्या सुरू असताना मी भिंतीशी उभी असायचे, तर उजवा पाय पडल्याचा आवाज यायचा तो टाच आणि मग पंजा असा सावकाश. डावा मात्र फट करून पडायचा. अनवाणी पाय फरशीवर सपाट पडल्यासारखा. मी एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकलं, मग रोज ऐकू लागले. घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, एवढे डॉक्टर आहेत, त्यांना नाही कळत आणि तुला कळतं होय. मलाही तेच वाटत होतं. मी फरशी पुसायला आलेली बाई. यंत्र बिघडलंय असं सगळे म्हणत असताना मी उठून म्हणायचं, यंत्र नाही, भाऊ बिघडलेत? जीभच उचलेना. मी पट्टा एक बोट पुढं ओढायचे, चिकटवायचे आणि झालं म्हणायचे. असं अडीच महिने रोज.

दिवाळी झाल्यावर शाळेतली एक मुलगी तपासायला आली. सायकलवरून पडून तिचा उजवा पाय मोडला होता आणि तो जुळून आला होता. डाव्याला काही झालं नव्हतं. स्क्रीनवर तिचं डावं पाऊल मात्र नको तितकं वर उचललेलं दिसत होतं. मॅडम म्हणाल्या, उजवा दुखतो म्हणून डाव्यावर जोर देत असेल. भाऊंनी तिचे सगळे गोळे, पट्टे काढायला लावले. पट्टीच्या टोकाला उकिडवे बसले, नजर जमिनीच्या पातळीवर, आणि तिला नुसतंच चालायला सांगितलं. ती चार वेळा गेली-आली. त्यांनी तिला चॉकलेट दिलं आणि परवा पुन्हा या म्हणून आईला सांगितलं.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. सेन्सर बांधून चालायला सांगितलं. माझंही डावं पाऊल वर. मग त्यांनी यंत्रातली ती दुरुस्ती काढून टाकली आणि पुन्हा चालवलं. माझ्या दोन्ही पायांच्या रेघा एकीवर एक बसल्या. ते बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिले. दुरुस्ती नसताना यंत्र बरोबर होतं. सेन्सर पहिल्या दिवसापासून बरोबर होता.

"मले बांध," ते म्हणाले.

मी बांधलं. पट्टा एक बोट नाही, आता दोन बोटं पुढं गेला. त्यांनी खाली पाहिलं, माझ्या हाताकडे. सहा फेऱ्या मारल्या. पहिल्यांदाच असं झालं की चालताना ते स्वतः कान देऊन ऐकत होते. खोलीत दुसरा आवाज नव्हता. सहावी फेरी संपवून ते खुर्चीत बसले आणि स्क्रीनकडे न बघता माझ्याकडे बघून बोलले.

"तुले दिसलं होतं का?"

मी हो म्हटलं.

"कवापासून?"

"पोळ्यापासून."

"मंग काहून नाही बोलली?"

मी म्हटलं, "मला वाटलं, मला काय कळतंय."

मला वाटलं ते आता उठून जातील, मॅडमना सांगतील, माझं काम जाईल. कामाचं त्या क्षणी काही वाटतही नव्हतं खरं तर. त्यांनी मला फक्त गोळे काढायला सांगितले. शेवटचा गोळा काढताना म्हणाले, "दिसलं तर बोलत जाजो. चुकीचं निघालं तर लोक हसतीन. हसू दे."

त्यांनी त्यानंतर काय केलं ते मी जन्मात विसरणार नाही. ते घरी गेले नाहीत, कुठल्या डॉक्टरकडेही गेले नाहीत. त्यांनी रजिस्टर काढलं आणि दुरुस्ती भरल्याच्या दिवसापासून ज्या ज्या पेशंटची तपासणी झाली होती, त्या सगळ्यांना एकेक करून फोन लावला. तुमच्या डाव्या पायाचा रिपोर्ट चुकीचा आहे, माझ्या चुकीनं, पुन्हा या. बायकोला, शालूवहिनींना, त्यांनी सांगितलं ते सगळ्यांचे फोन लावून झाल्यावर, दुसऱ्या दिवशी.

चंद्राबाईही त्या यादीत होत्या. त्यांचं डावं पाऊल रिपोर्टवर सुधारलेलं दिसलं म्हणून पाऊल वर धरून ठेवायला बांधलेली त्यांची पट्टी काढून टाकली होती. बांधावर दोनदा ठेच लागली, पडल्या नव्हत्या एवढंच नशीब. भाऊ त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले. बाईंनी ते बघितलंच नाही. त्या भाऊंच्या पायाकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "बाप्पा, तुमचा पाय माह्यावानीच पडून राहिला. मी तवाच पोराले म्हटलं होतं."

म्हणजे त्यांनाही दिसलं होतं. आणि त्यांनाही वाटलं होतं, आपल्याला काय कळतं.

मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. स्नायूंना हलवणाऱ्या नसा वाळत जातात असा आजार निघाला. त्याला औषध नाही, तो कमी-जास्त वेगानं पसरत जातो, एवढंच मला मॅडमनी सांगितलं. मी एक दिवस धीर करून विचारलं की अडीच महिने आधी कळलं असतं तर. त्या म्हणाल्या, आजारात फरक पडला नसता. पण हे सांगताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या. आजारात पडला नसता हे खरं असेल. शालूवहिनी नंतर एकदा सहज बोलून गेल्या की त्या पावसाळ्यात दोघं रामटेकला जाणार होते, गडावर पायऱ्यांनी चढून. भाऊ सेन्सरच्या भानगडीत अडकले म्हणून राहिलं. दिवाळीनंतर जाऊ म्हणाले होते. ते अडीच महिने पायऱ्या चढण्याचे होते.

भाऊ त्यानंतरही कामावर येत राहिले. स्कूटर सुटली, त्यांची मुलगी हैदराबादहून येऊन-जाऊन असायची, ऑटोनं यायचे. आधी काठी, मग चार पायांची काठी, मग खुर्ची. सकाळच्या फेऱ्यांचा नियम त्यांनी बदलून घेतला. मॅडमशी चक्क वाद घातला. एका माणसानं चालायचं नाही, दोघांनी आळीपाळीनं चालायचं, आणि तिसऱ्यानं स्क्रीनकडे न बघता नुसतं पायांकडे बघत उभं राहायचं. यादीत पहिलं नाव माझं घातलं. मी चालताना ते खुर्चीतून बघत असत. मला घाम फुटायचा.

एकदा त्यांनी जावईबापूत बसायचं ठरवलं. उपयोग फारसा नव्हता, त्यांनाही माहीत होतं. मी पट्टे बांधले. त्यांचं वजन इतकं कमी झालं होतं की वर ओढताना यंत्राला काही जडच गेलं नाही. चालता चालता म्हणाले, आठ वर्षं याची सेवा केली, आता जावयानं सासऱ्याले उचललं. मी हसले नाही म्हणून मला टोचून बोलले, की पुण्याच्या लोकांना विनोद कळत नाहीत.

मग बोलणं जड व्हायला लागलं. शब्द तोंडातच घोळायचे. त्या दिवसांत त्यांनी मॅडमकडे एक परवानगी मागितली. आठ वर्षांच्या सगळ्या सकाळच्या फायली यंत्रात होत्या. एका धडधाकट माणसाची रोजची चाल, आणि तीच चाल आजारी होत गेलेली, दिवसागणिक. असं सहसा कोणाकडे नसतं. माणूस दवाखान्यात येतो तो बिघडल्यावर. भाऊंचं म्हणणं, या फायली अभ्यासाला द्या, यातून पहिली खूण कशी दिसते ते कळलं तर दुसऱ्या कोणाचं लवकर समजेल. मॅडमनी होकार दिला. पण देण्याआधी नेमकं कुठून सुरू झालं ती सकाळ शोधून त्यावर खूण करायची होती. ते काम करायला त्यांनी मला बसवलं. त्यांची बोटं माऊसवर चालत नव्हती.

आम्ही आठवडाभर दुपारी बसलो. दिवाळीपासून मागं मागं. रेघेवर रेघ ठेवायची, पाहायचं, मागं जायचं. पोळा आला. मी थांबले. माझ्या मनानं तिथूनच सुरू झालं होतं, मी पाहिलं होतं तो दिवस. भाऊंनी मान हलवली, मागं चल. आषाढ गेला. पावसाळा सरून मागं उन्हाळा लागला. केंद्रातल्या कूलरला नवीन वाळा लावला होता त्या आठवड्यातल्या एका सकाळी रेघ केसभर खाली होती. इतकी केसभर की तपासणीत ती ‘बरोबर’ म्हणूनच पास झाली होती. त्याच्या आदल्या आठवड्यात नव्हती.

तेव्हाही मी रोज त्यांना पट्टे बांधत होते आणि मला काहीच दिसलं नव्हतं. त्यांनाही नाही.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. बोलायला त्यांना खूप वेळ लागला, एकेक शब्द सुटा करून बोलले. "पहाय. मशीनले तुह्या आधी दिसलं. ते पण नाही बोललं." आणि मग, श्वास घेऊन, "तूच एकटी नोहो."

मी त्या सकाळवर खूण केली. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि परत येऊन फायली मॅडमनी सांगितल्या तशा एका जागी लावल्या.

मुलीनं त्यांना हैदराबादला न्यायचं ठरवलं. रविवारी दुपारी मी नंदनवनला गेले. घराचं अर्धं सामान बांधलेलं होतं. शालूवहिनींनी कोथिंबिरीची संभारवडी तळली होती, मला जबरदस्तीनं वाढली आणि स्वतः काही खाल्लं नाही. भाऊंना गाडीत पुढच्या सीटवर बसवलं. मानेला दोन्ही बाजूंनी उशा. मी दाराशी उभी होते. वहिनी मागच्या सीटवर बसल्या होत्या. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी मागून हात घालून भाऊंचा मनगटाशी धरलेला हात वर उचलला आणि माझ्याकडे हलवला, तान्ह्या मुलाचा हात धरून पाहुण्यांना टाटा करवतात तसा. भाऊंना त्याचं हसू आलं. त्या आजारात हसू एकदा आलं की थांबत नाही. ते हसत राहिले, त्यांना बघून वहिनी हसायला लागल्या, आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत दोघं हसत होती. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हात त्यांनी खाली ठेवला नव्हता.

त्याला आता सहा महिने होतील. वहिनींचा अधूनमधून फोन येतो. त्या बोलतात, मी ऐकते, आणि त्या फोन भाऊंच्या कानाशी धरतात तेव्हा मी खोलीत आज कोण कोण आलं ते सांगते. पलीकडून श्वासाचा आवाज येतो. त्यांच्या फायली अभ्यासाला गेल्या आहेत. मॅडम म्हणतात, अशा कामाला वर्षं लागतात. मी यंदा दहावीचा फॉर्म भरला आहे, बाहेरून, मुलीच्या शेजारी बसून वाचते. गणित डोक्यात जात नाही.

भाऊ, तुमचं माझ्यावर पुष्कळ आहे आणि ते मला फेडायचं आहे. त्या फायलींमुळे ज्या दिवशी पहिल्या माणसाचं वेळेत कळेल, त्या दिवशी मी हैदराबादची गाडी पकडेन आणि तुमच्यासमोर बसून त्याचं नाव, गाव, त्याला काय झालं होतं ते सगळं सांगेन. तोवर तुम्ही थांबा, एवढंच म्हणते. आणि नाहीच थांबता आलं, तर वहिनींना सांगेन. पण येऊन सांगेन.